जांभळ्या थैलीतलं वरण

यवतमाळात ते मोठं मार्ट उघडलं, तेव्हा घाटंजीतली अर्धी माणसं नुसती एसीची थंडी खायला तिकडे जाऊ लागली. खोटं वाटेल, पण एक म्हातारा ऐन उन्हाळ्यात आत शिरला तो मृग लागल्यावरच बाहेर आला. कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. माणूस स्वस्त शोधणारच. माझं बाजारात किराणा दुकान. स्वस्ताशी माझं भांडण नव्हतं. माझी तूरदाळ तर मार्टापेक्षाही स्वस्त होती!

डोकं फिरायचं ते त्यांच्या जांभळ्या प्लास्टिकच्या थैलीनं. तिच्यावर पागोटं घातलेला शेतकरी छापलेला, बत्तिशी दाखवून हसणारा. त्या दिवसांत जिल्ह्यात असा हसणारा शेतकरी कोणी दाखवला असता, तर मी दुकान त्याच्या नावावर करून दिलं असतं. बाया बसमध्ये ती थैली मांडीवर अशी धरायच्या, की चित्र समोरच्याला दिसावं. पिकवतो आपण कापूस, अन् कापडी पिशवी हातात धरायची लाज!

बाहेरच्यांचं सोडा. महागावच्या माझ्या मोठ्या बहिणीनं, आमच्या बाईनं, मुलीचं लग्न काढलं. तिच्या घरच्या कार्याचा किराणा आमच्या दुकानातून जायचा, ही वडिलांपासूनची रीत. बाईनं तो मार्टातून भरला. वर कहर म्हणजे रुखवतात, शेवया-कुरडयांच्या शेजारी, जांभळ्या थैल्या मांडल्या.

मी मामा. रीत मोडू नये म्हणून तूरदाळीचं पोतं घेऊनच गेलो. अन् लग्नाच्या सकाळीच आचाऱ्यानं बोंब ठोकली, मार्टाची दाळ कमी पडली म्हणून. माझ्या मनात दिवाळीचे फटाके फुटले. पोतं ओढत मांडवातून निघालो, तर बाई आडवी.

"भाऊ, ते पोतं कुठं घेऊन चालला? तिथं व्याही बसले आहेत!"

"मंग? दाळ आहे, दारू नाही."

"खुल्ला माल पाहून काय म्हणतीन ते? थैल्यांत भर."

"कोणत्या थैल्यांत?"

"त्याच. रिकाम्या झाल्या न आता."

"बाई, काय सांगून राह्यली, समजते का तुले?"

"समजते. सासरी पोरगी चालली माही, तू नाही."

माझ्या हातानं माझी दाळ त्या हसऱ्या शेतकऱ्याच्या पोटात भरली, अन् व्याह्यांच्या डोळ्यांदेखत चुलाण्याकडे नेली.

पंगतीत व्याह्यांनी असे भुरके मारले, की मांडवाचे खांब हलले. "याले म्हणते वरण! मार्टच्या मालाची गोष्टच अलग."

माझ्यानं राहवेना. "व्याही, माह्या दुकानची दाळ आहे हे."

अख्खी पंगत खिदळली. "मामाजी, जळता कायले? थैल्या आम्ही डोळ्यानं पाह्यल्या न!"

बाई हातात वरणाची बादली घेऊन जागच्या जागी थिजली होती. मी मान खाली घातली अन् वरण मागितलं.

पुढच्या महिन्यात तिचा फोन. "भाऊ, व्याह्यांकडं पाठवायले दाळ दे. तुहीच पाहिजे. मार्टातली शिजता शिजत नाही."

माझी छाती गावाच्या वेशीपर्यंत फुगली.

"पण थैली मार्टाची लाव हं. नवी कोरी."

गेलो यवतमाळला. काउंटरवरची पोरगी म्हणे, सामान घेतल्याशिवाय थैली नाही. म्हणून मी, घाटंजीचा किराणावाला, अंगाच्या साबणाची वडी उचलून त्या रांगेत उभा राहिलो. तो साबण माझ्या दुकानात खोक्यानं पडला होता. थैली हातात येते न येते, तोच मागून माझ्याच गिऱ्हाइकाचा आवाज आला, "काहो शेठ, तुम्ही बी इथूनच घेता?"

खरं ओठांवर आलं होतं. पण तिथं बोललेलं माझ्या आधी महागावला पोचलं असतं.

"साबण चांगला मिळते इथं," मी म्हणालो.

त्यानंतर घाटंजीत माझ्याकडे साबण मागायला काळं कुत्रंही आलं नाही.