चौऱ्याऐंशी किलोंची पायपीट

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शुगर बॉर्डरवर आहे."

मी म्हटलं, "मॅडम, मी जन्मापासूनच बॉर्डरवर आहे."

खोटं नव्हतं ते. माहेर औरादकडचं, सासर हळ्ळीखेडचं, राहायला बिदरच्या नौबादला. शाळेत शिकवते मराठी, ऑफिसातले कागद कन्नडमध्ये, आणि भाजीवाल्याशी भांडते दखनीत. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, चौऱ्याऐंशी हा आकडा मोठ्यानं वाचला, इतका मोठ्यानं की बाहेर बाकावर बसलेला माझा नवरा आत डोकावला. मग म्हणाल्या, "रोज पाऊण तास चाला. वजन उतरेल."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला. नुसतं 'चाला' म्हणाल्या असत्या तर पुढचे चार महिने जरा सुखात गेले असते.

गणपती बसायच्या आधी मी चालायला लागले. सोबत होत्या शेजारच्या अक्का. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, घरात कन्नड बोलणाऱ्या, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. मला त्या 'टीचर' म्हणायच्या. वय पासष्ट, पण चाल अशी की पेशंटचं सलाईन संपत आलंय आणि त्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. आमच्या कॉलनीमागं मोकळं मैदान आहे. सकाळी साडेपाचला तिथं आम्ही दोघी, चार-पाच निवृत्त मास्तर आणि कुत्री. मास्तर एक चक्कर मारून राजकारणावर बसत. कुत्री आमच्यासोबत चालत. त्यांच्यातल्या एकीचं पोट महिन्याभरात उतरलं. पिल्लं झाली होती तिला.

माझं नाही उतरलं. पहिल्या महिन्यात चारशे ग्रॅम कमी झालं, तर त्या आनंदात आम्ही घरी श्रीखंड आणलं. दुसऱ्या महिन्यात चौऱ्याऐंशी पूर्णांक एक. मग मी काट्यावर संशय घेऊ लागले. नवीन इलेक्ट्रॉनिक काटा होता, काचेचा. स्वयंपाकघरातल्या फरशीवर तो चौऱ्याऐंशी दाखवायचा, हॉलमध्ये दोनशे ग्रॅम जास्त आणि देवघरापुढं दोनशे ग्रॅम कमी. म्हणून मी देवघरापुढंच वजन करू लागले. देवाला वाटलं असेल, ही बया आता रोज सकाळी अनवाणी, मान खाली घालून माझ्यापुढं उभी राहते, केवढी भक्ती!

नवरा तहसील कचेरीत आहे. लिंबाच्या काडीसारखा माणूस. सहा भाकरी खातो, वर भात, वर ताक, आणि कुठं जातं ते त्यालाच ठाऊक. मी चहातली साखर सोडली, एका भाकरीवर आले, तेलाचा डबा कुलपात ठेवायचा तेवढा राहिला. तो ताटावरून माझ्याकडं बघून म्हणायचा, "अगं, चालून चालून तुला भूक लागत असंल. चालणंच बंद कर, वजन आपोआप उतरंल." असल्या माणसाबरोबर मी बावीस वर्षं काढलीत.

येळवस आली, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्या भागात येळवसेला घरात कुणी थांबत नाही, सगळे शेतात. आम्ही हळ्ळीखेडला थोरल्या दिरांच्या शेतात गेलो. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली आणि सगळ्या शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर असं सगळं पुढं आलं. मी ठरवून गेले होते की भज्जी एकदाच घ्यायची. तीनदा घेतली. येळवसेला शेतात बसून नको म्हणणं मला जमत नाही आणि जमू पण नये. चौथ्यांदा हात पुढं केला तेव्हा माझ्या जाऊबाईंनी पळी तशीच अधांतरी धरली. बाई अंगानं वाळल्या शेंगेसारख्या, पण आवाज पार बांधापलीकडं पोचणारा.

"चार महिने झाले चालायलीस म्हणं. कुठं चालायलीस? पंगतीला?"

सगळं शेत हसलं. बांधावरचे शेजारी हसले. माझा नवरा तर आंबील नाकातनं येईस्तोवर हसला. मी पण हसले, आणि भज्जी घेतली. पण दुसऱ्या दिवशी पाचचा गजर वाजला तेव्हा मी तो बंद करून कूस बदलली. तिसऱ्या दिवशी पण. कशाला जायचं? थंडीत उठायचं, गुडघे दुखवून घ्यायचे, कुत्र्यांची बाळंतपणं बघायची, आणि काटा आहे तिथंच. त्यापेक्षा झोपून चौऱ्याऐंशी राहिलेलं काय वाईट?

आठव्या दिवशी अक्का घरात आल्या. हातात बीपीचं मशीन. मी अंथरुणात होते, त्या थेट तिथवर आल्या. नवरा चादर डोक्यावर ओढून मेल्याचं सोंग घेऊन पडला.

"टीचर, कामून येईना तू?"

"अक्का, वजनच उतरंना तर काय करू येऊन?"

त्यांनी सरळ माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत मिनिटभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाद्रपदात नव्वदच्या वर पळत होती नाडी. आता चौऱ्याहत्तर. पहिल्या दिवशी मैदानाच्या अर्ध्यात बसली होतीस, आठवतंय का? आता पाच चकरा मारून वर बोलतीस, ते पण न थांबता. आणि वजनाला काय विचारायलीस? वजन तर मेल्यावर पण करता येतं. नाडीला विचार."

चादरीखालून नवरा खुदकन हसला. अक्का त्याच्याकडं वळल्या, "तुमची बघू का सर?" चादर एकदम गप्प झाली.

मी उठले. अक्कांचं पटलं होतं म्हणून नव्हे. नर्सच्या हातात मशीन असताना मला नाही म्हणता येत नाही, म्हणून.

मग फेब्रुवारीत लग्न आलं. थोरल्या दिरांच्या मुलाचं, म्हणजे त्याच जाऊबाईंच्या पोराचं. मुलगी हुमनाबादची, कार्यालय गावाच्या थोडं अलीकडं, रस्त्याला लागूनच. वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच गेलं. आम्ही दोघं मागं राहिलो ते डोरल्यासाठी. मंगळसूत्र बिदरच्या सोनाराकडं होतं आणि तो आठ दिवसांपासून "उद्या, ताई" म्हणत होता. लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला त्यानं ते हातात दिलं. मी ते लाल कागदात गुंडाळून पर्समध्ये, पर्स पिशवीत, पिशवी काखेत अशी घेऊन बसमध्ये बसले. अक्षदा बारा पंचवीसला. वेळ भरपूर होता.

हळ्ळीखेड मागं पडलं आणि बस थांबली. पुढं उसाचा ट्रॅक्टर उलटला होता. दोन्ही ट्रॉल्या रस्त्यावर आडव्या, ऊस या कडेपासून त्या कडेपर्यंत. सुदैवानं लागलं कुणालाच नव्हतं. ट्रॅक्टरवाला बाजूला बसून बिडी ओढत होता आणि अडकलेले प्रवासी त्याचाच ऊस सोलून खात होते. आमचा कंडक्टर पण एक कांडकं घेऊन आला.

"किती वेळ लागंल?" नवऱ्यानं विचारलं.

"क्रेन आली तर दोन घंटे. न्हाई आली तर तुमी बी ऊस खावा."

सव्वाअकरा झाले होते. कार्यालय सहा किलोमीटर. शेताच्या कडेनं मोटारसायकली तेवढ्या निघत होत्या. मी एकाला हात केला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग मागच्या टायरकडं बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "हवा जरा कमी हाय, अक्का." दुसऱ्याच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन होते. तिसरा थांबलाच नाही.

मी जाऊबाईंना फोन लावला. त्या ओरडल्या, "डोरलं आल्याबिगर अक्षदा पडू देणार न्हाई मी! कुणाला तरी गाडी देऊन लावून देते, तू हाय तिथंच बस!"

मला बसायचं नव्हतं. जागेवर बसण्याबद्दल त्या बाईकडून आणखी काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, "चला."

"कुठं?"

"लग्नाला."

"अगं, सहा किलोमीटर हाय!"

"आमच्या मैदानाच्या पंधरा चकरा. चला."

हिरवं इरकल जरा वर खोचलं, चपलांचे पट्टे आवळले आणि निघाले. ऊन होतं, धूळ होती, लॉऱ्यांची रांग होती. लॉरीत बसलेले ड्रायव्हर वरून बघत होते. एकजण ओरडला, "अम्मा, इत्ती जल्दी किधर?" मी चालता चालताच ओरडले, "शादी में!" तो म्हणाला, "आपकी?" मागच्या लॉरीवाल्यानं हॉर्न वाजवून दाद दिली.

पहिले दोन किलोमीटर नवरा माझ्या पुढं होता आणि मला चालण्याचं तंत्र सांगत होता. तिसऱ्यात तो बाजूला आला. मग मागं. मग मागून आवाज आला, "जरा थांब गं." मी थांबले. ती लिंबाची काडी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती, तोंड पांढरं, सदरा पाठीला चिकटलेला. कडेला एक ढाबा होता. त्यानं त्या ढाब्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तशा नजरेनं त्यानं मला लग्नाच्या पहिल्या वर्षात पण पाहिलं नव्हतं.

"तू जा पुढं," तो म्हणाला. "मी... मी इथं गाडी बघतो कुठली तरी."

मला हसू आलं, पण हसायला श्वास घालवणं परवडणार नव्हतं. मी पुढं गेले. उरलेले साडेतीन किलोमीटर एकटी. खरं सांगायचं तर त्रास झालाच. डाव्या पायाला फोड आला. मांड्या घासून जळजळत होत्या. ते जाड बायकांनाच कळतं आणि लग्नाच्या घाईत कुणाला सांगता येत नाही. पण दम लागला नाही. छातीत काही फुटत नव्हतं, डोळ्यांपुढं काही येत नव्हतं. पाय आपले चालत होते, मला न विचारता. मला तेव्हा स्वतःचं थोडं नवल वाटलं. हे एवढं सगळं या अंगात कधी येऊन बसलं?

कार्यालयात शिरले तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि गुरुजी मंगलाष्टकांच्या शेवटी आपल्या मनानं आणखी एक जोडत होते. ते कुठल्या देवाचं होतं ते देवालाच माहीत. त्यांची नजर दारावरच होती. मी दिसताच त्यांनी शेवटचा 'सावधान' इतका जोरात घातला की अक्षदा वेळेआधीच माझ्यावर पडल्या. मी तशीच वाट काढत मांडवात गेले आणि लाल पुडी जाऊबाईंच्या हातात दिली.

त्यांनी माझ्या मागं पाहिलं. "गाडीवाला कुठाय?"

"कुठला गाडीवाला?"

तेव्हा कळलं. नवरीच्या भावाला त्यांनी मोटारसायकलवर पाठवलं होतं आणि सांगितलं होतं, हिरव्या लुगड्यातली जाडजूड बाई, बसच्या आसपास कुठंतरी बसली असंल. तो बिचारा थांबलेल्या एकेका गाडीत बसलेल्या बायका बघत बघत पार ट्रॅक्टरपर्यंत गेला. रस्त्यानं झपाझप येणारी बाई ती असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. येताना त्याला ढाब्यावर चहा पीत बसलेला माझा नवरा सापडला, आणि तो त्यालाच मागं बसवून घेऊन आला. दोघं पोचले तेव्हा पंगत बसली होती.

जाऊबाईंनी स्वतःच्या नव्या शालूच्या पदरानं माझं तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग म्हणाल्या, "एवढं पळत आलीस, आज तरी किलोभर उतरलं असंल की!" आणि माझ्या पानावर चार जिलब्या वाढल्या. त्यांना असंच प्रेम करता येतं. मी चारही खाल्ल्या.

उतरलं नव्हतं. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, चौऱ्याऐंशीला दोनशे ग्रॅम कमी. पण शुगर खाली आली होती. त्यांनी दोन वेळा कागद बघितला आणि म्हणाल्या, "काय करताय?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तेच." यावेळी त्या हसल्या.

चालणं चालू आहे. रोज नाही, आठवड्यातले दोन दिवस मी अजून गजराला शिव्या देऊन झोपते. नवरा रविवारी येतो, एक चक्कर मारतो आणि मास्तरांच्या राजकारणात जाऊन बसतो. उन्हाळ्यात अक्कांच्या मुलाची बदली कलबुर्गीला झाली आणि तो त्यांना सोबत घेऊन गेला. मला वाटलं, सुटले. पण दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला.

"उठलीस का टीचर?"

तेव्हापासून असंच आहे. त्या तिथं गच्चीवर चालतात, मी इथं मैदानात. फोन कानाला लावून आम्ही सुनांबद्दल, गॅसबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलतो. परवा त्या म्हणाल्या, "इथं पहाटंच तव्यावर चालल्यावानी वाटायलंय बघ."

"मग थांबा की अक्का जरा. बसा."

"गप," त्या म्हणाल्या. "तू थांबलीस वाटतं. पावलांचा आवाज येईना. चाल."