अँब्युलन्सवर फोटो कुणाचा?

आमच्या शहरात वरातीसाठी रस्ता बंद होतो. तलवारीनं केक कापायला चौक बंद होतो. कुण्या भाऊंच्या सत्काराला अख्खं मैदान मोकळं मिळतं. पण दोन मोटरसायकली शेजारीशेजारी उभ्या करून, सरळ रेषेत, आधी कोण पोचतं एवढंच बघायचं म्हटलं, की जागा नाही! ड्रॅग रेस म्हणतात त्याला. त्यात वळण नाही, उडी नाही, काही नाही. झेंडा पडला की सुटायचं आणि रेषा ओलांडायची, संपलं. एवढ्यासाठी या शहरात जागा का नाही, हा जाहीर सवाल मी पत्रकातून विचारला होता. उत्तर कुणी दिलं नाही. आठवड्याभरानं त्याच पत्रकात मला गुलमंडीवर भजी मिळाली.

पत्रकं काढायची सवय मला कॉलेजपासूनची. खड्ड्यांवर काढली, नळाला न येणाऱ्या पाण्यावर काढली, आणि सर्वात जास्त काढली ती फ्लेक्सवर. खांबाखांबावरून आपल्याकडे बघून हात जोडणारे हे लोक कोण? यांना शुभेच्छा द्यायला कुणी सांगितलं? आणि एका माणसाच्या वाढदिवसाला खाली बावीस जणांचे फोटो कशाला? असं मी लिहायचो, स्वतः वाटायचो, आणि लोक ते घडी घालून खिशात ठेवायचे. त्याला मी चळवळ म्हणायचो.

माझी मावसबहीण, आमची ताई, शेंद्र्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामाला आहे. तिनं भंगारातून एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आणली, सुट्टीच्या दिवशी अंगणात पसरली आणि पुन्हा जोडली. ती गाडी असा धूर सोडते की शेजारचे डास मरतात. पण सुटते अशी, की नव्या महागड्या गाड्यांवरची पोरं आरशात बघायच्या ऐवजी समोर बघायला लागतात. रविवारी सकाळी शेंद्र्याच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ती या पोरांशी शर्यत लावायची. एका रविवारी बाजूच्या शेतातून अचानक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. ताई वाचली, कोपर सोलून घरी आली, आणि मावशीला सगळं कळलं.

मावशीनं आरडाओरडा केला नाही. तिनं आधी हळद लावली आणि मग निकाल दिला.

"रस्त्यावर नाय. एकदा बंद जागेत, पोलिसांना इचारून, अँब्युलन्स उभी करून पळवून दाखव. मी सोता येऊन बघीन. नाय जमलं तर दिवाळीच्या आत गाडी विकायची. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

गिऱ्हाईक खरंच होतं. मावशी पोकळ धमक्या देत नाही.

ताई दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. "पत्रकवाल्या, जागा द्या, जागा द्या म्हणून बोंबलतोस ना? आता दे मिळवून."

आता आली का पंचाईत! मागणी करणं वेगळं आणि मिळवणं वेगळं.

जागा आम्हाला फुलंब्रीच्या रस्त्याला मिळाली. तिथल्या एका काकांनी वडिलोपार्जित रानात प्लॉटिंग टाकलं होतं. कमान होती, कमानीवर दोन सिमेंटचे सिंह होते, मधोमध काँक्रीटचा नाकासमोर जाणारा रस्ता होता. प्लॉट घेणारा तेवढा एकही नव्हता.

"शर्यत म्हंजे बैलांची का?" काकांनी विचारलं.

"नाही काका, मोटरसायकलींची."

"मग जमंल. बैलांच्या परवानगीची लई कटकट असती. लोकं किती येतील?"

"येतील की तीन-चारशे."

"त्यातले प्लॉट घेणारे किती?"

मी ताईकडं पाहिलं. ताई म्हणाली, "काका, त्यातल्या एकाचंही स्वतःचं घर नाही."

काका खूश झाले. अट एकच घातली: प्रत्येक फेरीनंतर माइकवरून प्लॉटची जाहिरात व्हायला पाहिजे. मी तत्त्वनिष्ठ माणूस, पण मुकाट्यानं मान डोलावली.

पोलीस ठाण्यातले साहेबही अपेक्षेपेक्षा बरे निघाले. खाजगी जागा आहे, हेल्मेट सगळ्यांना आहेत, रेषेच्या पुढं थांबायला अंतर आहे, हे त्यांनी विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "अँब्युलन्स मात्र उभी पाहिजे. ती नसेल तर पहिली गाडी सुटायच्या आत मी बंद करीन." म्हणजे साहेब आणि मावशी एकच वाक्य बोलत होते.

राहिला पैसा. मी पत्रक काढलं: 'फ्लेक्समुक्त शर्यत! ना फोटो, ना भाऊ, ना दादा! नागरिकहो, मदत करा!' नागरिकांनी काहीही केलं नाही. मग शर्यतीत भाग घेणारी पोरं म्हणाली, गणपतीला मागतो तशी वर्गणी मागू. आम्ही दुकानोदुकानी फिरलो. तिथं मला या शहराचा स्वभाव कळला. रोख कुणी देत नाही, वस्तू देतात, आणि देताना आपलं नाव कुठं दिसेल ते आधी विचारतात. मंडपवाल्यानं मंडप दिला, पण त्याच्याकडं त्या आठवड्यात फक्त लग्नाचा होता. त्यामुळं आमच्या सुरुवातीच्या रेषेवर 'शुभविवाह' अशी फुलांची कमान येणार हे पक्कं झालं. जारवाल्यानं पाणी दिलं. एका गोठेवाल्यानं रस्त्याच्या टोकाला रचायला कडब्याच्या पेंढ्या दिल्या, म्हणजे गाडी थांबली नाही तर मऊ जागी जाईल.

आणि बाकी सगळ्यांनी चषक दिले. सराफानं, कोचिंग क्लासनं, जिमवाल्यानं, रसवंतीवाल्यानंसुद्धा. चषकावर नाव कोरता येतं ना! शर्यतीतल्या पोरांपेक्षा चषक जास्त झाले. अँब्युलन्स द्यायला एकही माणूस तयार नव्हता.

शेवटी मी आमच्या वॉर्डाच्या भावी नगरसेवकाकडं गेलो. हे गृहस्थ मी शाळेत असल्यापासून भावी आहेत. माझ्या पत्रकांत त्यांचा उल्लेख चांगल्या शब्दांत झालेला नव्हता, पण त्यांनी मनात ठेवलं नाही. बहुतेक वाचलंच नसावं.

"चषक माझ्याकडून," ते म्हणाले. "माणसाएवढा."

"दादा, चषक खूप झाले. अँब्युलन्सचं भाडं द्या." आणि मग मी ते वाक्य बोललो, जे बोलताना माझी जीभ जड झाली. "अँब्युलन्सच्या दोन्ही बाजूंना तुमचा मोठा फोटो लावू."

दादांनी शर्टाची कॉलर सैल केली. शेजारी बसलेला त्यांचा कार्यकर्ता माझ्यावर उखडला. "क्या बाता करते भाई! अँब्युलन्स पे दादा का फोटो? लोगां फोन करते बैठेंगे, कब हुआ, कैसे हुआ!"

तर अशी गोची होती. जिथं फोटो शोभतो तिथं रांग, आणि जिथं जीव वाचतो तिथं शुकशुकाट! मी बाहेर पडलो तो मनात पत्रक लिहीतच. पण पत्रकानं अँब्युलन्स येत नाही, आणि शर्यत येत्या रविवारी होती. पुढं काकांच्या जागेत कुठल्याशा सप्ताहाचा मांडव पडणार होता, आणि त्याच्या पुढं दिवाळी.

तसाच गारखेड्याला मावशीकडं गेलो. ताईला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. ताई अंगणात गाडी पुसत होती. विकायची गाडी माणूस जशी पुसतो तशीच. आत मावशीची भिशी भरली होती. गल्लीतल्या बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम जमवतात, चिठ्ठी काढतात, आणि जिचं नाव निघेल तिला सगळी उचल मिळते. त्या महिन्याची चिठ्ठी मावशीची निघाली होती. तिला सोफा घ्यायचा होता. सोफ्याची जागासुद्धा भिंतीलगत रिकामी करून ठेवली होती.

"काय रे, तोंड का उतरलं?" खिचडीची ताटली हातात देत मावशीनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. दादांच्या कॉलरपासून 'कब हुआ, कैसे हुआ'पर्यंत. बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. हसणं ओसरल्यावर कोपऱ्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अन् आमचा फोटो लावला तर?"

बायका पुन्हा हसायला लागल्या.

"नाय, खरंच इचारते," काकू म्हणाल्या. "माझा फोटो आजपर्यंत फक्त आधार कार्डावर आला. त्याच्यात मी पाकीटमार दिसते."

"माझा तर लागंल तो डायरेक हार घालून भिंतीवर," दुसरी म्हणाली. "त्यापेक्षा जित्तेपणी अँब्युलन्सवर लागू द्या की!"

आता सगळ्यांच्या नजरा मावशीकडं. उचल तिची होती.

"वा गं वा!" मावशी उसळली. "अट घालणारी मी, अन् पैसे भरणारी बी मीच? येडी हाय का मी? अँब्युलन्स नाय आली म्हंजे गाडी गेली. मला तेच पाहिजे ना?"

"पाहिजे का?" काकूंनी शांतपणे विचारलं.

मावशीनं दारातून बाहेर पाहिलं. ताई टाकीवरचा एक डाग काढत होती, आणि तो डाग नव्हताच, रंग उडालेला होता. मग मावशीनं रिकाम्या भिंतीकडं पाहिलं.

"अँब्युलन्स उभी पाहिजे, एवढीच अट होती," ती म्हणाली. "कुणी उभी करायची ते ठरलं नव्हतं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत मावशी माझ्याकडं वळली. "पण फोटो माझा मधी पाहिजे. अन् मोठा."

अशा रीतीनं फ्लेक्सविरोधी चळवळीचा हा खंदा कार्यकर्ता फ्लेक्स तयार करायला बसला. फ्लेक्सवाल्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमागं पाच बायका उभ्या, प्रत्येकीचं मत वेगळं. मावशीचा नथीतला फोटो मधोमध. बाकीच्या दोन्ही बाजूंना गोलात. आधार कार्डवाल्या काकूंना गॉगल पाहिजे होता. "पुढारी लावत्यात ना? मग मला बी लाव." त्यांना लावला तर मावशीनंही मागितला. नथ आणि गॉगल! मजकुराचा हक्क मी माझ्याकडं ठेवला होता. मी रस्ता सुरक्षेवर चांगला परिच्छेद लिहिला.

"एवढं बारीक कोण वाचणार?" मावशी म्हणाली. "हे काय तुझं पत्रक हाय का?"

शेवटी ठरलं: 'सर्व स्पर्धकांना सुखरूप घरी येण्याच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: भिशी मंडळ, गारखेडा.' खरं सांगतो, मी लिहिलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा हे चांगलं होतं.

रविवारी सकाळी फुलांच्या 'शुभविवाह'खाली गाड्या रांगेला लागल्या. आदल्या रात्री कुणाच्या तरी म्हशी कडबा खाऊन गेल्या होत्या, तो काकांनी पुन्हा भरून दिला. मग दोन्ही बाजूंना फ्लेक्स बांधलेली अँब्युलन्स कमानीतून आत आली आणि गर्दी शर्यत सोडून तिच्याकडं धावली. पोरं तिच्यासोबत सेल्फी काढत होती. बायका आपापल्या फोटोशेजारी उभ्या राहून काढत होत्या. भावी नगरसेवक आपला माणसाएवढा चषक घेऊन आले होते. ते अँब्युलन्सभोवती एक चक्कर मारून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "असं होणार हे आधी सांगायचं ना राव."

ताईची पहिली फेरी आरामात निघाली. मावशीनं ती पदर तोंडात धरून पाहिली. तिकडं काका माइकवर, "ताईंचं अभिनंदन! कॉर्नरचे प्लॉट अजून शिल्लक हायेत!"

दुसऱ्या फेरीत समोर नवीकोरी गाडी होती. झेंडा पडला, दोघं सुटले, ताईच्या धुरात अर्धा मंडप दिसेनासा झाला. धूर हटला तेव्हा रेषेवरचा पोरगा त्या नव्या गाडीवाल्याचा हात वर करत होता. ताई चाकभर मागं राहिली होती.

आणि मावशी पदर सोडून रस्त्यावर आली.

"परत लावा! तो झेंड्याच्या आधीच सुटला!"

"मावशी, व्हिडिओ आहे, बघा," झेंडेवाला म्हणाला.

"तुझा व्हिडिओ त्याच्या बाजूनं काढलेला हाय! माझ्या बाजूनं काढायचा नाय का?"

मागून गॉगलवाल्या काकू, त्यांच्या मागं अख्खी भिशी. मी मध्ये पडून नियम समजावू लागलो, तर मावशी म्हणाली, "तू गप. तू अन्यायाविरुद्ध हायेस ना?" ताईनंच येऊन तिला बाजूला नेलं. "आई, हरले गं मी. खरंच हरले."

अँब्युलन्सच्या सावलीत ताईनं हेल्मेट काढलं आणि चावी मावशीसमोर धरली. "बंद जागा झाली. पोलीस झाले. अँब्युलन्स झाली. बघितलंस. आता सांग."

मावशीनं चावी घेतली.

"एवढा धूर का निघतो?" तिनं विचारलं.

"ऑइल जरा जास्त पडतं."

"मग कमी टाक. मी माझा सोफा धुरासाठी नाय दिला." तिनं चावी पर्समध्ये टाकून चेन ओढली. "चावी माझ्याकडं राहील. रस्त्यावर न्यायची म्हणलीस तर मिळायची नाय. मैदानावर न्यायची तर मी सोता घेऊन येईन."

"आणि गिऱ्हाईक?"

"त्याला सांगते, गाडी इकायची नाय."

चषक इतके उरले की अँब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही एक मिळाला. दादांचा माणसाएवढा चषक भिशी मंडळाला गेला. तो आता मावशीच्या घरात सोफ्याच्या जागी उभा आहे, आणि आम्ही त्याच्याखाली सतरंजीवर बसून चहा पितो.

फ्लेक्स मी काढून टाकणार होतो, निदान तेवढी तरी तत्त्वनिष्ठा. बायकांनी हात लावू दिला नाही. एक गॉगलवाल्या काकूंनी नेला. दुसरा अंगणात ताईच्या गाडीवर पांघरला आहे, ऊन-पाऊस लागू नये म्हणून. मावशीचा फोटो बरोबर सीटवर येतो, नथ आणि गॉगलसकट. गाडी काढायची तर आधी तिला बाजूला करावं लागतं.