दोघी बहिणी वाटतात का?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. बाहेरच्यांसाठी त्या मॅडम, कारण त्या लग्नाच्या मुलींचा मेकअप करतात. एकदा मी सहज ‘नवऱ्या रंगवता’ म्हणाले, तर म्हणाल्या, “भिंती रंगवतात, अगं. मी चेहरा करते.” चेहरा देव करतो असा माझा समज होता. पण वन्संपुढे देवाचंही फारसं चालत नाही, तिथे माझं काय चालणार?

त्यांचं पार्लर आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. दोन आरसे, तीन खुर्च्या आणि पूर्वेच्या खिडकीखाली एक स्टूल. लग्न ठरलं की मुलीच्या नावाचा एक लांबलचक कागद तयार व्हायचा. हळदीला नुसतं काजळ, कारण पुढे तोंडभर हळदच फासली जाणार. मेंदीला साधंच, कारण त्या दिवशी सगळे हात बघतात. लग्नाला रडून टिकेल असं, आणि रिसेप्शनला जेवून टिकेल असं. “रडणं दहा मिनिटांचं असतं, जेवण दोन तास चालतं,” असं त्या प्रत्येक मुलीच्या आईला ऐकवायच्या.

ट्रायलची त्यांची एक पद्धत होती. त्या अर्धाच चेहरा करायच्या आणि अर्धा कोरा ठेवायच्या. मग मुलीला खिडकीखालच्या स्टुलावर बसवून हातात आरसा द्यायच्या आणि विचारायच्या, “सांग, या दोघी बहिणी वाटतात का?” वाटल्या तर चेहरा पास. नुसत्या शेजारणी वाटल्या तर पुसून पुन्हा सुरुवात. या एका प्रश्नासाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ केले आहेत. उरलेल्यांची यादी माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी मात्र त्या खिडकीला जाड पडदा लागला. “ऊन डोळ्यांवर येतं,” वन्सं म्हणाल्या. ट्रायल ट्यूबलाइटखाली व्हायला लागली आणि आमच्या घरातून एकजात पांढऱ्या मुली बाहेर पडायला लागल्या. गव्हाळ आत जायची, पांढरी बाहेर यायची. सावळी आत जायची, तीही पांढरीच बाहेर यायची. कुणी तक्रार केली असेल असं वाटतं? छे! आयांचे डोळे भरून यायचे. मावश्या म्हणायच्या, “अगंबाई, ओळखूच येत नाही!” स्वतःची भाची ओळखू न येणं हे लग्नातलं सगळ्यात मोठं कौतुक असतं, हे मला तेव्हा कळलं. वन्संकडे रीघ लागली.

अशात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. ती माझ्यासारखी सावळी, आणि छापखान्यात रंग जुळवायच्या कामावर. छापलेला लाल मूळ लालापेक्षा केसभर वेगळा असला तरी हिला रात्री जेवण जात नाही. ती जन्मली त्या दिवशीच वन्संनी जाहीर केलं होतं, “हिचं लग्नातलं तोंड मीच करणार.” लेकीचीही तीच हौस होती. फक्त एक अट. “आत्या, फोटोत मी मीच दिसले पाहिजे.”

ट्रायलला आमच्या होणाऱ्या विहीणबाई न बोलावता हजर होत्या. वन्संनी डावी बाजू पूर्ण केली तशा त्या खुर्चीतून उठल्याच. “काय उजळली हो! दुसरी बाजूही अशीच कायमची करून टाका.”

लेक उठली, खिडकीशी गेली, पडदा सारला आणि आरशात बराच वेळ बघत राहिली.

“आई,” ती म्हणाली, “माझी भुवई निळी आहे.”

होतीच. शाईसारखी निळी.

“हल्ली असंच असतं,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांना फॅशनमध्ये मागे पडायचं नव्हतं.

“काळी आहे ती,” वन्सं करवादल्या. “छापखान्यात जाऊन शिकवा ते रंग.”

मी त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं. निळी. टेबलावरची काळी उचलून शेजारी धरली आणि विचारलं, “वन्सं, या दोन्हींत फरक काय?”

“फरक कसला? दोन्ही काळ्याच आहेत.”

वन्संना गप्प करायची अशी संधी माझ्या अख्ख्या संसारात आली नव्हती. आली तेव्हा मला ती नकोशी झाली. मी विहीणबाईंना चहाच्या निमित्ताने आत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि चांगला पिकलाय. “मला दिसतं सगळं,” वन्सं तिथेही वाद घालत होत्या, “फक्त जरा मळकट दिसतं.” मळकट दिसायचं म्हणूनच त्या चेहरा उजळेपर्यंत थरावर थर चढवत होत्या. ऑपरेशननंतर महिनाभर पावडरीच्या आसपास फिरकायचं नव्हतं आणि लग्न बारा दिवसांवर होतं, म्हणून ऑपरेशन लग्नानंतरच करायचं ठरलं.

घरी आल्यावर वन्संनी लेकीचा कागद तिच्या हातात दिला. “दुसरीकडे जा, बाळा. तुझ्या तोंडाचं वाटोळं मी नाही करणार.” आणि रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

लेकीने कागद परत टेबलावर ठेवला. “रंग मी निवडते, आत्या. मशीनसाठी रोज तेच करते. तू फक्त हात चालव.”

“नवरीने स्वतःचे रंग निवडायचे? लोक काय म्हणतील?”

“नवरा निवडला तेव्हा बोलून झालंय त्यांचं.”

मग रोज सकाळी पडदा उघडायचा. लेकीने सगळ्या बाटल्यांवर मोठ्ठे आकडे लिहून चिकटवले. ती रंग मिसळायची, वन्सं बोटांनी लावायच्या. एकमेकींवर खेकसणं चालूच. “दाबू नकोस.” “हलू नकोस.” लेक कधी कधी तशीच अर्ध्या चेहऱ्याने छापखान्यात जायची आणि तिथल्या मशीनवाल्याला विचारायची, रंग जुळला का म्हणून. अकराव्या दिवशी वन्संनी हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

“अगं, तू सांग. दोघी बहिणी वाटतात का?”

माझं मत त्यांनी आजवर भाजीतल्या मिठाबद्दलही विचारलं नव्हतं.

“जुळ्या,” मी म्हणाले.

लग्नात लेक तिच्याच रंगाची दिसत होती, आणि इतकी देखणी की मला बघवेना. तिच्या एका मावशीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मेकअपवाली आलीच नाही का गं ऐनवेळी?” विहीणबाईंचा चेहरा दिवसभर उतरलेला होता. वन्सं माझ्याशेजारी बसून सगळ्यांचं ऐकत होत्या आणि लाजत होत्या. जणू लग्न त्यांचंच होतं.

पुढच्या दोन महिन्यांत दोन्ही डोळे झाले. पट्टी सुटल्यावर थोड्या दिवसांनी वन्सं खिडकीखालच्या स्टुलावर गेल्या वर्षीचा अल्बम घेऊन बसल्या. दोन पानं उलटली आणि मला हाक मारली.

“या कुणी केल्या?”

“तुम्हीच.”

त्या एकेका फोटोवर बोट ठेवत गेल्या. चुन्यात बुडवून काढल्यासारख्या मुली. दोघींच्या भुवया निळ्या. “मला दिसत नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. “पण यांना तर दिसत होतं ना? आया होत्या, बहिणी होत्या. एकीनेही सांगितलं नाही?”

“उलट त्यांनी मैत्रिणींना पाठवलं तुमच्याकडे.”

तेवढ्यात फोन वाजला आणि वन्संनी तो उचलला. पलीकडची बाई इतक्या जोरात बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. मॅडम, धाकटीचं लग्न आहे. मागच्या वर्षी थोरलीला केला होता ना, अगदी तस्सा मेकअप हवा.

वन्संनी मांडीवरच्या अल्बमकडे बघितलं.

“तसा आता नाही जमायचा,” त्या म्हणाल्या. “मला दिसायला लागलंय.”