दोन बर्थांची गाडी

भागूबाईंना आमच्या सिडकोतल्या एन-नऊच्या गल्लीत सगळे अक्काच म्हणायचे. रामकिसनची ती थोरली बहीण. तो अक्का म्हणायचा, मग त्याची बायको म्हणू लागली, मग शेजारपाजार, मग दारावर येणारा भाजीवालासुद्धा.

अक्काला गंगापूर तालुक्यात दिली होती. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि अक्का पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली. त्याच साली आई गेली. रामकिसन तेव्हा पोरगाच होता. अक्कानं लोकांच्या रानात निंदणी-खुरपणी करून त्याला दहावीपर्यंत शिकवलं. पुढे त्याला वाळूजच्या एका कंपनीत बसचा ड्रायव्हर म्हणून नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशीच तो म्हणाला, "अक्का, पेटी उचल. आता तू माझ्याकडं."

मग आशाबाई लग्न होऊन आल्या. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत नवरा-बायको, स्वयंपाकघरात अक्का. आशाबाई काही खाष्ट नव्हत्या आणि अक्काही नव्हती. दोघींचं भांडण गल्लीनं कधी ऐकलं नाही. पण आशाबाई सकाळी उठायच्या तर भाकरी झालेल्या असायच्या. नवऱ्याच्या आवडीचं काही करायचं मनात आणावं, तर ते अक्कानं कालच केलेलं असायचं. मुलगी रेखा पडली-झडली तर आधी "अक्का" म्हणून रडायची. आशाबाई रात्री नवऱ्याशी बोलायच्या ते कुजबुजत, कारण मधे दार नव्हतं, पडदा होता.

कंपनीच्या एखाद-दोन सहली सोडल्या तर रामकिसननं सगळी नोकरी एकाच रस्त्यावर केली. सिडको, क्रांती चौक, नगर नाका, वाळूज. आणि तोच रस्ता उलटा. निवृत्त व्हायच्या वर्षी तो आशाबाईंना म्हणाला, "एवढी वर्षं गाडी चालवली, पण गेलो कुठंच नाही. आता गाडीतच घर करू. इथलं घर भाड्यानं देऊ, भाड्यात डिझेल भागेल. जाऊ तिकडं आपलं गाव."

रेखा लग्न होऊन नाशिकला गेलेली, मागं पाश नव्हता. आशाबाई लगेच हो म्हणाल्या. रामकिसनच्या मनात तिघं होते, आशाबाईंच्या मनात दोघं. हे इतकं उघड होतं, की एकमेकांना सांगावं असं दोघांनाही वाटलं नाही.

गाडी शोधायला ते पडेगावकडे दाऊदभाईच्या शेडमध्ये गेले. दाऊदभाई गाड्यांच्या बॉड्या बांधायचा. कंपनीच्या बसगाड्या त्याच्याकडेच यायच्या, म्हणून रामकिसनची जुनी ओळख. अक्काही बरोबर गेली. ती सगळीकडेच जायची.

दाऊदभाईनं तीन गाड्या दाखवल्या. पहिली पार्सलची बंद व्हॅन. इंजिन चांगलं होतं, पण आत एक खिडकी नाही आणि रामकिसनला मान वाकवून उभं राहावं लागायचं. अक्का आत गेली तशी बाहेर आली. "रामा, दळनाच्या डब्यात बसल्यावानी वाटतंय. ही नको."

दुसरी विंगर, प्रवासी व्हॅन. बुटकी, नीटस. पायरी खाली असल्यानं आशाबाईंच्या गुडघ्यांना सोपी. गल्लीबोळात वळणारी, झाडाच्या फांदीखालून निघणारी. तिच्यात दोन बर्थ, एक ओटा आणि पाण्याची टाकी एवढं बसत होतं. तिसरी शाळेची मिनीबस, चारशे सात मॉडेलची. लांबरुंद, कुठल्याही खेड्यात स्पेअर पार्ट मिळेल अशी. पायरी मात्र उंच, आणि घाटात डिझेल पिणारी. बाकांच्या पाठींवर पोरांनी कंपासनं आपापली नावं कोरून ठेवलेली.

दोन्ही गाड्यांत अक्कानं संसार मांडून पाहिला. "शेगडी दारापाशी घ्या, फोडनीचा धूर भाईर जाईल. पान्याची टाकी सीटाखाली. डबे उघड्या फळीवर नको, गाडी हालली की खाली येतील." वीत लावून ती मोजत होती आणि दाऊदभाई खडूनं खुणा करत होता. मिनीबसमध्ये ती पार मागे गेली, शेवटच्या बाकावर बसली, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हितं एका मानसाला आडवं व्हता यील."

आशाबाई खाली दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

त्या संध्याकाळी घरी चहा घेताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मोठी गाडी घ्यायची असंल तर घ्या. पण मग तुम्ही बहीण-भाऊ जा. मी इथंच राहते."

"असं काय बोलते?"

"आपण दोघंच जेवायला बसलो, असं मला एकदासुद्धा आठवत नाही. मला अक्कांचा राग नाही हो. त्यांनी माझी लेक वाढवली. पण आता किती दिवस राहिले आपले? तेवढे तरी मला तुमच्याबरोबर एकटीला राहू द्या."

"तिनं मला वाढवलं, आशा."

"ठाऊक हाय. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही."

अक्का मागच्या दारात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकलं. घड्या घालून झाल्या तशी ती आत आली, कपडे कपाटात ठेवले आणि तांदूळ निवडायला बसली.

रविवारी दाऊदभाईनं मिनीबस चालवून बघायला दिली. तिघं दौलताबादकडे निघाले. आशाबाई पुढे, अक्का मागच्या बाकावर. रामकिसन खुशीत होता. गाडी हलकी चालत होती आणि बायको आपण होऊन बरोबर आली म्हणजे तिचा राग गेला असेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. किल्ला दिसू लागला तसं मागून अक्का म्हणाली, "रामा, थांबव."

ती उतरली आणि कडेच्या दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"मला गाडी लागती रं."

रामकिसन पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला. कंपनीच्या सहलींना त्यानं तिला याच रस्त्यानं वेरूळला नेलं होतं. कन्नडच्या घाटातून नेलं होतं, तेव्हा अर्धी बस ओकत होती आणि अक्का सगळ्यांना लिंबू कापून देत होती.

"अक्का, तुला कधी..."

"आता लागाया लागली. वय झालं का नाय? तुमी ती ल्हानी गाडी घ्या. मी लासूरला ऱ्हाते, पुंजारामाकडं. त्याची मागची खोली रिकामीच हाय. मला कशाला पायजेत गावं बघाया?"

हे बोलताना ती किल्ल्याकडं बघत होती, भावाकडं नाही. आशाबाई काचेआडून दोघांना पाहत होत्या. खोटं आहे हे रामकिसनला कळलं होतं. ते एका शब्दात मोडता आलं असतं. पण दोन दिवसांपासून छातीवर धोंडा होता आणि अक्कानं तो आपल्या हातानं उचलला होता. तो म्हणाला, "बरं. पाणी पी थोडं."

विंगर घेतली.

काम चाललं तसं अक्का रोज दुपारी शेडवर डबा घेऊन जायची. पडदे तिनं शिवले, गाद्यांच्या खोळी शिवल्या, मसाल्याच्या डब्यांना फळीवर पट्टी मारून घेतली. एकदा दाऊदभाईनं विचारलं, "आपा, इसमें तुम किधर सोते?"

"मी नाय दाऊदभाई. ही जोडप्याची गाडी हाय."

दाऊदभाईनं हातातला पाना खाली ठेवला. संध्याकाळी रामकिसन आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "रामकिसनभाई, अब्बी बी टाइम है. उप्पर एक फोल्डिंग बर्थ लगा देतूं. दिन को बंद, रात को खुल्ला. बराबर हो जाता."

रामकिसन गाडीच्या छताकडं बघत म्हणाला, "नको. तिला गाडी लागते."

निघायच्या दिवशी गाडी आधी लासूर स्टेशनला गेली. पुंजाराम म्हणजे रामकिसनचा चुलतभाऊ, तिथल्या मार्केट यार्डात माप करायचा. त्याच्या घरामागच्या खोलीत अक्काची पेटी ठेवली. अक्कानं गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. आशाबाई पाया पडल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्यो वरून मीठ घेतो जेवताना. देऊ नको. बीपी हाय त्याला."

गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत ती उभी होती, एवढं रामकिसननं आरशात पाहिलं.

कोकण झालं, गोकर्ण झालं, पुढे केरळ. आशाबाई त्या दिवसांत खरंच सुखात होत्या. समुद्राच्या कडेला गाडी लावून दोघं दारात बसून जेवायचे आणि त्या मोठ्यानं हसायच्या. घरी कुणी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. रामकिसन दर आठवड्याला पुंजारामला फोन करायचा. अक्का फोनवर यायची. "मी बरी हाय. तुमी जेवले का?" एवढं म्हणायची आणि फोन परत द्यायची.

कन्याकुमारीला एका सकाळी दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून पाण्यात उभ्या होत्या. लाट आली की पोरींसारख्या ओरडायच्या. रामकिसन बघता बघता वाळूत खाली बसला. आशाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, त्या म्हाताऱ्यांकडं पाहिलं. मग त्याच म्हणाल्या, "चला, अक्कांना घेऊन येऊ. दाऊदभाई वरचा बर्थ लावून देईल."

ते तसेच मागं फिरले. कुठं थांबले नाहीत. आधी शहरात येऊन दाऊदभाईकडून बर्थ लावून घेतला, त्यावर नवी गादी टाकली आणि लासूरला पोचले.

अक्का घरी नव्हती. मार्केट यार्डात बायकांबरोबर कांदा निवडत बसली होती. काळवंडली होती, गालफडं आत गेली होती. गाडी पाहून उठली, हात झटकले.

"अक्का, आत ये. बघ काय केलंय."

ती वर चढली. रामकिसननं बर्थ उघडून दाखवला. तिनं गादी तळव्यानं दाबून पाहिली.

"चांगला केलाय."

"मग चल आता."

"नाय रामा."

"गाडी लागते म्हणू नको. तुला गाडी लागत नाही, मला माहीत हाय."

अक्कानं आता त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"तुला तवाच म्हाईत व्हतं. म्हनून तर येत नाय."

रामकिसननं उघडलेला बर्थ पुन्हा मिटायला घेतला.

"तवा तू म्हनला असता, अक्का, खोटं बोलू नको, चल, तरी मी आलेच नसते. आशाचं मन मला कळलं व्हतं. पन तू म्हनाया पायजे व्हतं."

आशाबाई पुढे झाल्या. "अक्का, माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? तुला तुजा नवरा पायजे व्हता. त्यात काय चूक हाय?"

तिनं दोघांना घरी नेऊन चहा करून दिला. कप धुऊन ठेवले. मग कांद्याचा ट्रॅक्टर आला म्हणून परत यार्डात गेली.

रामकिसननं गाडी यार्डाबाहेरच्या लिंबाखाली लावली आणि तिथंच राहिला. रोज सकाळी तिच्या दारात जायचा. ती चहा द्यायची, रेखाची चौकशी करायची, आशाच्या गुडघ्यांना तेल लाव म्हणायची. चलण्याचा विषय निघाला की उठून कामाला लागायची. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी तीच म्हणाली, "जा आता. लोक इचारतात, भावाचं काय बिनसलं म्हनून. मला सांगाया येत नाय."

ते गेले. जायला ठिकाण नव्हतं, घरात भाडेकरू होते, म्हणून गेले. राजस्थान पाहिलं, वर हिमाचलापर्यंत गेले. वरचा बर्थ बंदच राहिला. दोघं आता गाडीत फारसं बोलत नसत. आशाबाईंनी मला नंतर सांगितलं, "मी मागितलं ते मला मिळालं. पण माणूस शेजारी बसून कुठं असतो ते कळायचं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात अक्काला ताप भरला. तिनं पुंजारामला फोन करू दिला नाही. "एवढ्या लांबून कशाला माघारी बोलावतो त्यांना? उतरंल दोन दिसांत," म्हणाली. ताप उतरला नाही. ती गेली तेव्हाच पुंजारामनं फोन केला. रामकिसन पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

अस्थींचं मडकं घेऊन ते दोघंच गाडीनं कायगावला गोदावरीवर गेले. मडकं गादीवर ठेवा, असं निघताना पुंजाराम म्हणाला होता, पण आशाबाईंनी ते मांडीवरून काढलं नाही. पात्रात पाणी कमी होतं. रामकिसन गुडघाभर पाण्यात जाऊन अस्थी सोडून आला आणि काठावरच्या पायरीवर बसला. दुपार कलली तरी उठला नाही. आशाबाई जवळ येऊन बसल्या.

"आता कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.

"तू सांग."

"मला कुठंच जायचं नाही," आशाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून रडू लागल्या. रामकिसननं त्यांचा हात धरला. घाटावर दुसरं कुणी नव्हतं.