कंपनीचं मलम

ऑफिसात त्याला सगळे ‘मलम’ म्हणत, आणि त्याला ते चक्क कौतुक वाटे! कुणा पुढाऱ्याने कंपनीवर तोंडसुख घेतलं की उत्तर लिहायचं काम याचं. कंपनीने नफा इथे कमवायचा आणि दाखवायचा दूरच्या एका बेटावर, जिथे कंपनीची म्हणून एक पाटी आणि एक कुलूप एवढंच होतं. त्यावर कुणी ‘कर बुडवता’ म्हणालं की हा गडी बाह्या सरसावून बसे. रीत ठरलेली. नाकारायचं नाही, चिडायचं नाही. आधी प्रश्नाबद्दल आभार मानायचे, मग ‘कायद्याचं काटेकोर पालन’, मग आमच्यामुळे किती घरांत चूल पेटते ते, आणि शेवटी हसऱ्या मुलांचा फोटो. विचारणाराच मुलांच्या वाईटावर टपल्यासारखा दिसे. असल्या कोडगेपणाला तिथे हुशारी म्हणत.

या खेपेला मात्र विरोधी पक्षाची एक महिला आमदार हात धुऊन मागे लागली होती. नुसत्या फोटोने भागेना. तेव्हा मलमला ताई आठवली. थोरली बहीण, सरकारी शाळेत मुख्याध्यापिका. आईच्या माघारी तिनेच याला वाढवलं होतं. तिच्या शाळेत मुलं फरशीवर बसत. बाकांसाठी वर अर्ज करकरून ती थकली होती. तिजोरीत पैसा नाही, हेच उत्तर दरवेळी यायचं. हा टेम्पोभर बाकं आणि कॅमेरावाला घेऊन हजर झाला.

“ताई, दोनच वाक्यं बोल. कंपनी नसती तर मुलं अजून खालीच बसली असती, बस.”

ताई नव्या बाकांवरून हात फिरवत होती. हरखली होती बिचारी. चष्मा पुसून कॅमेऱ्यासमोर उभीही राहिली. मग थांबली.

“बोलते रे. पण आधी मला सांग, ती आमदारबाई म्हणते ते खरं आहे का? तुम्ही कर चुकवता?”

बाकावर ऐसपैस बसलेल्या मलमने घसा खाकरला.

“हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे.”

सख्ख्या बहिणीला! त्याने जीभ चावली खरी, पण पुढे तोंडात आलं ते कायद्याचं पालनच. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. या शहाण्याला साधं हो किंवा नाही म्हणता येईना.

ताईने कॅमेऱ्यावर हात ठेवला.

“बाकं राहू देत,” ती म्हणाली. “मुलं बसतील. तू ऊठ.”