लासुर्णे कुठल्या बाजूला?

रविवारी बारामतीत, आमच्याच कॉलेजच्या ग्राउंडवर, आमचा अमेरिकन फुटबॉलचा सीझन संपला. पाच मॅच खेळलो, पाचही हरलो. हसा बिनधास्त... घरचे तर रोजच हसतात.

नावात फुटबॉल असला तरी या खेळात पाय फारसा लागत नाही. लांबुळका बॉल हातात घेऊन पळायचं, नाहीतर पुढे पळणाऱ्याकडे फेकायचा. फेकणारा मी. पळणारा सागर, डाळजचा, शेवटच्या वर्षाला. असा पळतो की बघत राहावं.

पहिल्या चार मॅच आम्ही निव्वळ येडपटपणानं घालवल्या. मी "डावीकडे!" म्हणून ओरडायचो... आणि समोरच्यांनाही मराठी येतंच की! ते आधीच तिथं जाऊन उभे.

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, बाजूंना गावांची नावं देऊ. प्रॅक्टिसला आमची तोंडं कायम पूर्वेला. पोरं म्हणाली, इथून डाळज पडतं डाव्या हाताला, लासुर्णे उजव्या. ठरलं तर मग! स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होतो.

रविवारी समोर इंदापूरचं एक कॉलेज होतं. स्पर्धेत टीमच चार, म्हणून सगळ्या हरूनही तिसऱ्या नंबराची मॅच आमच्या वाट्याला आली होती. जिंकलो असतो तर तिसरा नंबर, आणि तिसऱ्या नंबरापर्यंतच्या पोरांना विद्यापीठाच्या टीमच्या निवडीला बोलावणार होते. बाकीच्यांना पुढचं वर्ष होतं, सागरला नव्हतं. तिथं निवड झाली तर पोलीस भरतीला खेळाडू म्हणून फॉर्म भरायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. नाही झाली तर सोमवारपासून एमआयडीसीतली कंपनी.

हाफ टाइमपर्यंत आम्ही पुढे होतो, खरंच! इंदापूरची पोरं पार चक्रावली होती. मग बाजू बदलल्या. बॉल बहुतेक त्यांच्याकडेच राहिला आणि बघता बघता त्यांनी आम्हाला मागे टाकलं.

शेवटचा एक चान्स मिळाला. मी जीव खाऊन ओरडलो, "लासुर्णे!" आणि उजवीकडे बॉल फेकला. सागर डावीकडे सुसाट सुटला. बॉल मोकळ्या गवतात पडला... खेळ खल्लास.

आमच्या कोच सरांचा पारा चढला. सगळ्यांसमोर त्याला झापला. "डावं-उजवं कळत न्हाय व्हय रं तुला?" सागर मान खाली घालून एवढंच म्हणाला, "चुकलं सर."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाजू बदलल्यावर आमची तोंडं पश्चिमेला झाली होती. मी बारामतीच्या अपार्टमेंटमधला, माझ्यासाठी लासुर्णे म्हणजे उजवा हात. सागरसाठी लासुर्णे म्हणजे लासुर्णे... आपण वळलो म्हणून गाव थोडंच हलतं! तो बरोबर गावाच्या बाजूलाच पळाला होता.

आणि मी? मूग गिळून गप्प. लिहितानाही लाज वाटतेय.

त्यानंतर जेवण गोड लागेना. काल एमआयडीसीत गेलो आणि शिफ्ट सुटल्यावर त्याला गेटवर गाठलं. अंगावर कंपनीचा नवाकोरा शर्ट होता. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"मला तवाच कळलं हुतं," तो म्हणाला.

"मग सरांना बोलला का नाहीस?"

"माझा खेळ तर सपलाच हुता. तुला अजून एक वरीस त्यांच्या हाताखाली काढायचं हाय. तुझ्यावर राग कशाला?"

खांद्यावर एक थाप मारली, बाईकला किक मारली आणि गेला डाळजला. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे उपकार मला झेपत नाहीयेत, म्हणून इथं उघड लिहितोय. सर, आणि टीममधल्या सगळ्यांनो... सागर चुकला नव्हता. मी चुकलो होतो, आणि तो बोलणी खात होता तेव्हाच मला ते कळलं होतं.