सहा वॅटचा खर्ज

डब्यात वाकडे खिळे जमतात ना, तसे किस्से जमतात. कामाला येत नाहीत, फेकवत नाहीत, आणि डबा हलवला की सगळे एकदम वाजतात! माझ्या डब्यातले बहुतेक खिळे आमच्या बँड पार्टीचे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तराच्या मेहरबानीनं. त्यामुळे शुद्धलेखन शोधू नका. वाचायचं तर वाचा, नाहीतर ठेवा खाली.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी बल्लारपूरला लाकडाच्या डेपोत मोजणीदार होतो. आमच्या चाळीत मिलिटरीच्या बँडमधला एक रिटायर माणूस राहायचा. त्याच्याकडे बास होता. माणसाएवढं व्हायोलिन समजा, उभं धरून बोटांनी वाजवायचं. त्यातून खर्ज निघतो, म्हणजे खालचा जाड सूर. त्यानं मला हौसेनं शिकवलं. तो गावाला परत निघाला, तेव्हा बास काही रेल्वेच्या डब्याच्या दारातून आत जाईना. गार्डनं शिट्टी दिली. तो प्लॅटफॉर्मवर बास माझ्या अंगावर ढकलून म्हणाला, "मारोती, सांभाळ!"

सांभाळला. बायको म्हणाली, "आता झोपाचं कुठी? ह्याच्या पोटात?"

*

पार्टी गणपतभाऊची. गणपतभाऊ पेटी वाजवायचा, शंकर क्लॅरिनेट फुंकायचा, एक ढोलकीवाला होता, आणि मी. खेड्यापाड्यातली लग्नं करायचो, बैलगाडीनं जायचो.

दोन वर्षं मी वाजवलं आणि कोणालाही ऐकू आलं नाही! उघड्या मांडवात खर्ज पळून जातो, क्लॅरिनेट मात्र कानात खिळा ठोकते. एकदा मूल गावाच्या बाजूला एका म्हातारीनं अर्धं लगन मला न्याहाळलं आणि शेवटी गणपतभाऊला विचारलं, "हा माणूस त्या खांबाले काऊन धरून उभा हाय जी? पडते का तो?"

सगळे हसले. गणपतभाऊ नाही हसला. गाडीत बसताना म्हणाला, "मारोती, तुया बास दोन माणसांची जागा खाते. ऐकू येत असन तर राह्य. नाई तर घरी धरून उभा राह्य."

*

मी चांद्याला लतीफ मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचा. कोणाशी धड बोलायचा नाही, म्हणून माझं त्याचं जमायचं.

त्यानं ग्रामोफोनच्या सुईचं डोकं बासच्या घोडीखाली, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडाखाली, सायकलच्या ट्यूबनं बांधलं. जुन्या रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हांचं मशीन केलं, समोर एक स्पीकर, सगळं एका चहाच्या खोक्यात. चालायचं मोटारीच्या बॅटरीवर. व्हॉल्व्ह तापेपर्यंत बोलायचं नाही, अगदी मिस्त्रीसारखंच.

"किती पावर?" मी विचारलं.

"सहा वॅट."

"म्हणजे किती?"

"घरच्या बल्बच्या पाव हिस्सा."

"बस्स? मंग मांडव कसा भरन?"

मिस्त्री म्हणाला, "देवळातला दिवा केवढा असते बे? देव दिसत नाई का तुले?"

मी खोकं उचललं आणि निघालो. असल्या माणसाशी वाद घालू नये.

*

सराव खोलीत करायचो. भिंतीपलीकडे काशीबाई राहायची, एकटी. तिच्या फळीवर पितळेचा एक लोटा होता. मी एक ठरावीक सूर लावला की तो लोटा थरथर वाजायचा. बाकी सुरांना ढिम्म!

पहिल्या दिवशी ती दारात आली. "मारोतीभाऊ, तुमच्या पोटात दुखते का?"

दुसऱ्या दिवशी, "माह्या लोट्याले काऊन छळता?"

मी ऐकणारा नव्हे. रोज वाजवलं. मग एकदा तापानं चार दिवस पडलो. पाचव्या दिवशी काशीबाई काढा घेऊन हजर. म्हणाली, "लोटा बोलला नाई, तवाच समजली."

पुण्यामुंबईचे लोक दाद दाद म्हणतात, ती हीच असावी.

*

मशीन तर झालं, पण मांडवात सहा वॅट म्हणजे सहाच वॅट. ऐकू आलं तरी पहिल्या रांगेपुरतं. नागभीडकडच्या एका लग्नात उन्हानं व्हॉल्व्ह बिघडतील म्हणून मी खोकं सावलीला नेलं. सपरीत, म्हणजे ओसरीत, ढोली उभी होती. आमच्याकडे धान साठवायला बांबूची विणलेली, शेणानं लिपलेली, पुरुषभर उंच कणगी असते, ती ढोली. मी स्पीकरचं तोंड ढोलीला टेकवून ठेवलं आणि तार छेडली.

बाप रे! ढोली होती रिकामी. अख्खी घुमली! मांडवाचे खांब घुमले, पाटावरचा नवरदेव दचकला, भटजीचा मंत्र चुकला.

गणपतभाऊची बोटं पेटीवर थांबली. "हा कोण वाजला?"

"मी," म्हटलं. "दोन वर्षांपासून!"

*

आता मला गुरुकिल्ली सापडली होती. पुढच्याच लग्नात मी वऱ्हाडासमोर मोठ्यानं विचारलं, "तुमच्याइथी रिकामी ढोली हाय का जी?"

नवरीचा मामा काठी घेऊनच उठला. "रिकामी ढोली? आमच्या घरी? तुह्या बापानं पाह्यली का?"

आता सांगा, ऐन वैशाखात, सोयऱ्यांसमोर, मुलीच्या घरी असं कोणी विचारतं? रिकामी ढोली म्हणजे खायला धान नाही! मी गाढवानं त्या घराची इज्जत भर मांडवात काढली होती. शंकरनं मध्ये क्लॅरिनेट घातली म्हणून डोकं वाचलं. क्लॅरिनेटला मात्र पोचा आला.

तेव्हापासून मी विचारणं सोडलं. जाता जाता बोटाच्या पेरानं टकटक करायचं, बस्स. भरली असली की 'धप्', रिकामी असली की 'ठण्ण'. तसं पाहिलं तर आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी दुसऱ्याच्या घरी गेला की काठीनं ढोलीला टिचकी मारूनच घेतो. खोड आहे ती, तोंडानं कोणी बोलत नाही.

*

माझ्या मशीनला एकदाच कोणी हरवलं. एटापल्लीकडे, जंगलातल्या गावात. डेपोच्या ट्रकनं गेलो होतो. तिथले एक म्हातारे गोंड बाबा, स्वतः ढोल बनवणारे, माझ्या खोक्याभोवती दोनदा फिरले. मागून पाहिलं, हात लावून धडधड पाहिली. मग गोंडीत काहीतरी म्हणाले. एका पोऱ्यानं सांगितलं, "म्हणतेत, पोट चांगलं हाय, पण कातडं नाई."

मग त्यांनी आपला ढोल गळ्यात घातला. त्यांच्यामागे अजून सात जणांनी घातले. आम्ही चौघं वाजवत होतो म्हणे, मला तरी ऐकू आलं नाही!

संपल्यावर बाबांनी घाम पुसला आणि चांगल्या मराठीत मला विचारलं, "तुमची बॅटरी उतरली का जी?"

*

मग आला भोंगेवाला. पन्नास वॅटचं मशीन, दोन भोंगे, दोन बॅटऱ्या. तोऱ्यात म्हणायचा, "माह्या आवाज नदीपल्याड जाते!"

आवाज गेला असेल, गाडी नाही गेली. वैनगंगेच्या रेतीत चाकं रुतली. मी माझं खोकं डोक्यावर घेतलं, बॅटरी शंकरला दिली, बास ढोलकीवाल्याला, आणि चालत पार झालो. भोंगेवाला पोचला तेव्हा वरात निघून गेली होती. तरी गड्यानं भोंगे बांधले, मशीन लावलं. मांडवात पत्रावळी चाटणारं एकच कुत्रं होतं. त्यानं मान वर करून भरपूर दाद दिली.

पण लोकांना भोंगाच पाहिजे होता. त्यातून खर्ज निघत नाही, माणूस सर्दी झाल्यासारखा बोलतो, तरी भोंगाच पाहिजे! गणपतभाऊचंही मन फिरलं. म्हणाला, "मारोती, गाडीत एकच मावते. भोंगा नाई तर तू. सदाशिवभाऊच्या पोरीचं लगन हाय, तिथी पाहू. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू आला तर राह्यला. नाई आला तर रामराम."

मी म्हटलं, "पाह्यजोच तू!"

*

सदाशिवभाऊ आसोल्याचा. एकच मुलगी. सपरीत मोठी ढोली, ताजी लिपलेली, तोंड शेणमातीनं बंद, वर हळदीकुंकू, आंब्याच्या पानांचं तोरण. येणाऱ्या प्रत्येक सोयऱ्याला तो सांगत होता, "भरली ढोली हाय जी. पोरगी सासरी गेल्यावरच तोंड उघडीन."

नवरदेवाचा बाप लक्ष्मणबापू. मोठा कास्तकार, कमी बोलणारा. ऐकून त्यानं मान डोलावली.

मी खोकं घेऊन सपरीत गेलो. भरली तर भरली, आडोसा तरी मिळेल. सवयीनं पेर मारलं.

ठण्ण!

पुन्हा मारलं. खालपासून वरपर्यंत ठण्ण. अशी कोरी, अशी मोठी ढोली मला जन्मात मिळाली नव्हती. हिच्यावर सहा वॅट लावले असते तर पन्नासवाल्यानं भोंगे विकले असते!

मागे वळलो तर सदाशिवभाऊ उभा. हातात गूळपाण्याचा तांब्या.

"काय जी?" तो म्हणाला.

"काई नाई. भरली हाय."

"हो. भरलीच हाय."

मी खोकं उचललं आणि मांडवाबाहेर कडुलिंबाखाली, रेतीच्या ढिगावर नेऊन ठेवलं.

गणपतभाऊ पेटीवरून ओरडला, सगळ्या वऱ्हाडासमोर, "काऊन हलवलं बे? ढोलीले लाव ना!"

मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, "भरल्या ढोलीवर वाजत नाई! किती खेपा सांगाचं तुले?"

वाजवलं. बोटं फुटेपर्यंत वाजवलं. रेतीनं सगळं पिऊन टाकलं. पहिल्या रांगेतही पोचलं नसेल. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. गणपतभाऊनं पेटीचं झाकण आपटलं. "झालं तुयं, मारोती. उद्यापासून भोंगा."

मी बासला खोळ घालत होतो. वऱ्हाड गाडीत बसू लागलं. लक्ष्मणबापूची काठी सपरीत राहिली होती, ढोलीला टेकवून. तो आणायला गेला. काठी उचलली आणि टोक सहज ढोलीवर टेकलं, आमच्याकडच्या प्रत्येक कास्तकाराचं टेकतं तसं.

थांबला. पुन्हा एकदा टेकवलं, हळूच. मग कडुलिंबाखालच्या माझ्या खोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तो सरळ गणपतभाऊकडे आला. "पुढच्या वैशाखात धाकट्याचं लगन हाय. तुमचीच पार्टी. पण हा खर्जवाला पाह्यजे."

"हा?" गणपतभाऊ म्हणाला. "बापू, ह्याचं तर आज कोणालेच ऐकू आलं नाई!"

लक्ष्मणबापूनं सुनेचा हात धरून तिला गाडीत चढवलं, काठी आत ठेवली, आणि स्वतः बसता बसता म्हणाला,

"मले आलं."